पुष्पलतेचा खोटा ताप

दोरीवर वाळत घातलेल्या सुताखालून वाकून एक तरुण अंगणात आला आणि त्यानं पहिलं वाक्य काय बोलावं?

"घरात कोणाले ताप आहे का जी?"

पुष्पलता रहाटावर सुताच्या कांड्या भरत बसली होती. तिनं मान वर केली... आणि हातातलं सूत तुटलं.

"नाही," ती म्हणाली.

"पाहुणा कोणी आला? त्याले ताप?"

"नाही नं बाप्पा! तुमाले तापच पाहिजे असन तं शेजारी रुख्माबाईले विचारा. तिले दर आठ दिवसाले काही नं काही होते."

तो हसला. दाराशेजारच्या भिंतीवर त्यानं पेन्सिलीनं तारीख टाकली, सही केली. मग रांजणात डोकावून म्हणाला, "हे पाणी आठवड्यातून एकदा उपसत जा, अळ्या वळवळून राहिल्या." आणि गेला. भिंतीवर नाव तेवढं राहिलं... श्रावण.

पंच्याहत्तर-शहात्तरचे ते दिवस. मलेरिया गेला गेला म्हणता म्हणता पुन्हा हजर झाला होता. नागपुरात गोळीबार चौकामागच्या त्या विणकरांच्या गल्लीत दर चार घरांमागे कोणी ना कोणी गोधडीत कुडकुडत पडलेलं असायचं. रिक्षाला भोंगा बांधून एक माणूस ओरडत जाई, "पाणी साचू देऊ नका! ताप अंगावर काढू नका! रक्त तपासून घ्या!" आणि दर पंधरा दिवसांनी दारोदार फिरायचा हा श्रावण. ज्याला ताप, त्याचं बोट टोचायचं, रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर घ्यायचा, चार गोळ्या द्यायच्या, काच तपासायला पाठवायची. काम हे एवढं.

पण पुष्पलतेला त्या पंधरा दिवसांचं गणित भलतंच पाठ झालं. तो यायच्या दिवशी सकाळपासून तिचा रहाट उगाच भरभर फिरे.

"तुमचं गाव कोणतं?" तिनं एकदा विचारलंच.

"भिवापूर."

"म्हणजे मिरचीवाले!"

"हो. पण तिखट बोलणं मी नागपुरातच ऐकलं... याच घरात."

आता बोला! यावर पोरीनं काय समजावं? रुख्माबाईच्या दारातही तो असाच हसतो की काय, हे पाहायला ती एकदा मुद्दाम भिंतीआड उभी राहिली. तर तिथंही हसला मेला! त्याचं ते हसणं सरकारी की खाजगी, काही केल्या तिला उमगेना.

अशात तिच्या वडिलांनी, नानाजींनी, जेवता जेवता सांगितलं, "रविवारी उमरेडचे पाहुणे पोरीले पाहाले येऊन राहिले." पुष्पलतेनं बोटांवर दिवस मोजले. त्याआधी सोमवारी श्रावणची फेरी. त्यानंतर तो पंधरा दिवसांनी येणार, म्हणजे सगळं ठरून गेल्यावर!

सोमवारी तो आला. डोळे लाल, चेहरा उतरलेला. "घरात कोणाले ताप..."

"आहे," ती म्हणाली. "मले."

का म्हणाली? तिचं तिलाच कळलं नाही. एक दिवस तरी तो अंगणात जरा जास्त थांबेल, एवढंच मनात होतं. तिनं डावा हात पुढं केला. उजव्या हाताच्या बोटाचं रक्त पांढऱ्या सुताला लागलं की माल वाया. त्यानं बोट धरलं, आणि ती दचकली.

"अवं माय! तुमचाच हात तव्यावानी तापला! माह्यं बोट टोचता, मंग स्वतःचंही टोचा."

"मले काही नाही..."

"टोचा म्हणते नं!"

त्यानं मुकाट्यानं टोचलं. पाटावर दोन काचा शेजारी शेजारी वाळत राहिल्या. तो एकदा काचेकडे पाही, एकदा तिच्याकडे. पाहता पाहताच त्यानं पेन्सिलीनं नंबर टाकले. पिशवीत गोळ्या चारच उरल्या होत्या. त्या त्यानं तिला दिल्या.

"आन् तुमाले?"

"घेईन नं नंतर."

बुधवारी तो धापा टाकत आला. "पुष्पलताबाईचं रक्त... मलेरिया निघाला. पाच दिवस गोळ्या. रोज माह्या समोर गिळायच्या."

आईनं कपाळाला हात लावला. पुष्पलता मात्र चक्रावलीच. अंगात कणभर ताप नाही, मग मलेरिया आला कुठून? की यानंच... रोज यायला मिळावं म्हणून...? राग यावा तर गालच तापायला लागले. एवढं खोटं बोलतो होय हा माणूस! आणि बोलतो तर नीट तोंडानं का बोलत नाही?

"तोंड उघडा," तो म्हणाला. "जीभ वर करा. गिळली?"

"कडू आहे."

"औषध आहे, पुरणपोळी नाही."

गुरुवारीही तो आला, पण भिंतीला टेकून उभा राहिला. शुक्रवारी त्याच्याऐवजी त्याच्या सोबतचा गोविंदा आला.

"श्रावण दवाखान्यात पडून आहे. तापानं फणफणून राहिला, बरळून राहिला. सोमवारी घेतलेलं रक्त तं साफ निघालं, म्हणून मलेरियाचं औषध नाही दिलं. डॉक्टरीणबाईले विषमज्वराची शंका आहे."

पुष्पलतेच्या हातातला पेला खाली आला. रक्त साफ? ज्याचा हात तव्यासारखा, त्याचं साफ. आणि जिला काहीच नाही, तिला मलेरिया? पाटावरच्या त्या दोन काचा तिच्या डोळ्यांपुढं आल्या. नंबरांची अदलाबदल झाली होती!

खरं काय ते एकटी तीच जाणत होती. सांगावं तर आधी कबूल करावं लागणार की माझा ताप खोटा होता. आणि खोटा का होता, हे संध्याकाळपर्यंत गल्लीभर, रविवारपर्यंत उमरेडला. न सांगावं तर तो तिकडे भलत्याच औषधावर... तिला रडू कोसळलं. पण पोरगी उठली, पदर खोचला आणि मागावर बसलेल्या नानाजींपुढं उभी राहिली.

"बाबा, मले दवाखान्यात न्या. आत्ताच!"

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "काय म्हणतेस? ताप नव्हताच? मग रक्त कशाला दिलंस?"

पुष्पलता जमिनीकडे पाहत राहिली. शेजारी नानाजी उभे.

"त्यायनं... थोडं थांबावं म्हणून," ती म्हणाली.

बाईंनी चष्मा सारखा केला. श्रावणचं रक्त पुन्हा घेतलं. दोन तासांत कळलं... मलेरियाच.

गोळ्या आल्या तेव्हा पेला पुष्पलतेच्याच हातात होता.

"तोंड उघडा. जीभ वर करा. गिळली?"

"कडू आहे..." तो क्षीण हसला.

"नंबर कसा चुकला तुमचा?"

"तीन वर्षं झाली, एक नाही चुकला." तो थांबला. "पण कोणत्याही घरी गेलो तरी मनात तुमच्याच घराचा नंबर येते. त्या दिवशी तोच माह्या काचेवर पडला. मी... मी येडा, बह्याड झालो, पुष्पलता."

नावापुढचं 'बाई' गळालं होतं. तिच्या ते लगेच लक्षात आलं. दारात नानाजी जोरानं खोकले, तेही लक्षात आलं.

घरी परतताना नानाजी झपझप पुढं चालत होते. चौकात येताच त्यांनी पानठेल्यावरून कागद मागून घेतला.

"लिही. उमरेडच्या यष्टीवाल्याजवळ चिठ्ठी देतो. पोरीले मलेरिया झाला, रविवारी येऊ नका."

"पण बाबा... मले कुठं..."

"काहून? सरकारी कागदावर तुह्याच नावानं लिहून आहे नं? मी थोडीच खोटं बोलून राहिलो!" ते दुसरीकडे पाहत म्हणाले. "आन् तो पोट्टा उठून बसला की विचार त्याले, भिवापुरात त्याच्या बापाचं घर कोण्या बाजूले आहे. मी पण पाहून येतो म्हणतो एकदा, ताप आहे का तिकडे कोणाले."