चांगुणानं न सोडलेला हात

ही घटना घडलेली आहे. पटत नसेल तर राहू द्या, चांगुणाचं काही अडलेलं नाही.

साल २००४, मे महिना. शिरूरमधला एक खासगी दवाखाना.

चांगुणाचा नवरा म्हाळू रांजणगावला एका कंपनीत माल उतरवायचा. पायाला पत्रा लागला, जखम चिघळली, विष रक्तात पसरलं. सलाईनवर सलाईन झालं. बीपी काही उठेना.

"आता स्टेरॉइड देतो," डॉक्टर सकाळी म्हणाले. "त्यानं बीपी धरलं तर माणूस हाती लागेल."

भर दुपारी तेजश्री सिस्टरनं उजव्या दंडाला पट्टा बांधला.

"ताई, चढतंय बीपी."

चांगुणाच्या जिवात जीव आला.

सिस्टरनं खात्रीसाठी डावा हात घेतला. हवा भरली... सोडली...

काहीच नाही. नाडीसुद्धा नाही.

हात बर्फासारखा. मनगटावर चार बोटांचे वळ...

आणि खोलीत मशेरीचा वास.

म्हाळूचा धाकटा भाऊ मच्छिंद्र दारातच थबकला. वर्षापूर्वी गेलेली त्यांची आई, भामाबाई, दिवसभर मशेरी लावायची.

"वयनी, आई न्यायला आलीया. जीप बोलावतो. दादाला घरी तरी मरू दे."

"जीपमधी तूच बस. ह्यांना कोण हलवतंय बघते."

ती डाव्या बाजूला गेली. खाटेजवळच्या स्टुलावर कुणीच नव्हतं...

तरी स्टूल सरकेना.

"आत्याबाई, उठा. जित्तेपणी कवा जवळ घेतलं न्हाई, आन् आता मायेचा पान्हा फुटला व्हय? लेक तुमचा आसंल. नवरा माजा हाय. न्हाई देत."

तिनं त्या वळांवरच आपला उजवा हात आवळला.

कुणीतरी ओढलं...

तिनंही ओढलं.

स्टूल धाडकन आडवं पडलं. वास गेला.

सिस्टरनं पुन्हा पट्टा बांधला. आता दोन्ही हातांना बीपी सारखंच.

म्हाळू आपल्या पायांनी घरी गेला. डॉक्टर म्हणतात, स्टेरॉइडनं काम केलं. केलंच असेल. डाव्या हाताचं विचारलं की ते दुसऱ्या पेशंटकडे वळतात.

चांगुणाच्या उजव्या हाताला मात्र तेव्हापासून नाडी लागत नाही. हात भाकऱ्या थापतो, खुरपं धरतो... पण कायम गार. पुण्याच्या डॉक्टरांनीही हात टेकले. कधी कधी झोपेत तो पलंगाखाली ओढला जातो...

"वयनी, देवऋषाला दाखवू," मच्छिंद्र अजून म्हणतो.

"कशाला? बसू दे म्हातारीला धरून. माजा धरलाय तवर ह्यांचा सुटलाय."