उसनं विफलीन

मुलाखतीच्या खोलीत पंखा कुठे ठेवावा, याचाही त्या काळी सरकारी नियम होता. तो मुलाखत घेणाऱ्यांच्या पाठीमागे ठेवायचा, म्हणजे वारा त्यांच्याकडून उमेदवाराकडे वाहील आणि उमेदवाराचा वास त्यांच्यापर्यंत पोचणार नाही. नियम चांगल्या हेतूनेच केला होता. प्रत्यक्षात व्हायचं असं, की उमेदवार खुर्चीत बसला रे बसला की त्याच्या फायलीतले कागद उडायचे, आणि वीस वर्षांच्या अनुभवाचे दाखले टेबलाखालून गोळा करत त्याला आपली ओळख करून द्यावी लागायची. हर्षल खैरनार यांनी असे दाखले एकेचाळीस वेळा गोळा केले होते.

खैरनार एक्कावन्न वर्षांचे. नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात बावीस वर्षं तपासनीस होते. पंपात बसणाऱ्या पितळी झडपा त्यांच्यासमोर यायच्या, ते प्रत्येकीच्या कडेवरून बोट फिरवायचे, आणि खोट असलेल्या नगावर लाल खडूची खूण करून तो बाजूच्या क्रेटमध्ये टाकायचे. पास झालेल्या नगावर मात्र काही करायचं नाही, हा तिथला पहिला धडा. खूण फक्त खोटीची. चांगल्या मालाला पुन्हा हात लावायचा नसतो, तो तसाच पुढे जाऊ द्यायचा. चार वर्षांपूर्वी त्यांच्या जागी एक कॅमेरा बसला आणि खैरनार घरी बसले.

घरी बसले हे आपलं म्हणायची पद्धत. सकाळी नऊला तयार होऊन ते निघायचे आणि संध्याकाळी सहाला परत यायचे, कारखान्यात होते तेव्हासारखेच; फरक एवढाच, की आता जिथे जायचे तिथे कुणी त्यांची वाट बघत नसे. पहारेकऱ्याच्या जागेसाठी ते जास्त शिकलेले ठरले आणि तपासनिसाच्या जागेसाठी जास्त वयाचे. “मधली चार वर्षं काय केलंत?” हा प्रश्न सगळीकडे. नोकरी शोधत होतो, हे त्याचं खरं उत्तर, आणि नेमकं तेच कुणाला चालत नाही. मग “आम्ही कळवू.” न कळवणाऱ्यांचाही त्यांना राग यायचा नाही. राग यायचा तो स्वतःचा, कारण फोन वाजला की छातीत अजून धडधडायचं.

ज्या वासासाठी एवढे पंखे लागले, त्याचं नाव विफलीन. त्याला वास म्हणणंही तसं चुकीचं, कारण तो कुणाला येत नाही. माणसाने मनापासून आशा धरली आणि ती मोडली, की कातडीखालच्या बारीक ग्रंथी हे रसायन तयार करतात आणि ते घामातून बाहेर पडतं. एकदोन नकारांचं आठवड्याभरात विरून जातं. नकार येतच राहिले की ग्रंथींना सवय लागते आणि त्या रोज, आपणहून ते करू लागतात. समोरच्याच्या नाकात त्याचे कण शिरतात, पण निरोप पोचतो तो मेंदूच्या अशा भागात, जो विचार करत नाही, नुसता कौल देतो. समोरच्याला एवढंच वाटतं, की या माणसात काहीतरी कमी आहे. मग तो कारणं शोधतो. आवाज बारीक आहे, अनुभव जरा वेगळ्या कामाचा आहे. कारणांना काय तोटा?

विफलीनचा शोध डॉ. शर्वरी अभ्यंकरांनी लावला, त्र्यंबक रोडवरच्या एका छोट्या गंधशाळेत. शोध छापून आल्यावर कंपन्यांनी दारात वास मोजणारी यंत्रं बसवली. मग आरडाओरडा झाला, यंत्रांवर बंदी आली आणि त्यांच्या जागी पंखे आले; पण बंद खोलीत वारा फिरून परत येतो, पंख्याने काही अडत नव्हतं. यंत्रांवर बंदी घालता येते, नाकांवर कोण घालणार? बाईंना या सगळ्याचा पश्चात्ताप होता आणि त्या विफलीनवर औषध शोधत होत्या. त्यासाठी खैरनार दर गुरुवारी अकरा वाजता आपला अंगातला बनियन तपासायला घेऊन जायचे. ठरल्या वेळी कुणीतरी वाट बघत असण्याची आठवड्यातली ती एकच जागा होती, आणि ते कधी पाच मिनिटंही उशिरा गेले नाहीत.

“निसर्गाला हा कसला उद्योग सुचला, मॅडम?” त्यांनी एकदा विचारलं होतं.

बाईंनी समजावून सांगितलं. माणूस टोळीने राहायचा, तेव्हा शिकारीहून तीन-तीनदा रिकाम्या हाताने आलेल्याच्या मागे चौथ्यांदा जाणं धोक्याचं होतं. ज्यांच्या नाकाला ते कळलं ते जगले. आपण त्यांची नातवंडं.

“पण त्याला शिकारीला तरी जायला मिळत होतं,” खैरनार म्हणाले.

औषध अजून एकच माहीत होतं, ते म्हणजे एक खरा होकार. नेमणुकीचं पत्र हातात पडलं की आठ दिवसांत रक्त स्वच्छ होई. खोटी पत्रं देऊनही बाईंनी पाहिलं होतं. दोन दिवस फरक पडला आणि खोटं कळल्यावर विफलीन दुपटीने वाढलं, तेव्हा तो प्रयोग त्यांनी बंद केला. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली होती. ज्याच्या अंगात विफलीन आहे त्याला दुसऱ्याचं जाणवत नाही, लसूण खाल्लेल्याला लसणाचा वास येत नाही तसं. नुकताच होकार मिळालेल्या माणसाचं नाक मात्र सगळ्यांत तिखट असतं.

खैरनारांची मुलगी ईश्वरी तेवीस वर्षांची. आई ती दहावीत असताना गेली, तेव्हापासून घरात दोघंच. पाणी शुद्ध करण्याच्या शास्त्रातली पदवी घेतलेली ही मुलगी कुरिअरच्या गोदामात पार्सलं पत्त्याप्रमाणे लावत होती आणि सुट्टी काढून मुलाखतींना जात होती. नऊ झाल्या होत्या. तिची हुशारी बापाच्या तोंडून ऐकायची नाही, पण विद्यापीठात ती दुसरी आली होती, एवढं तरी सांगायला हवं.

तिच्या मुलाखतीच्या कपड्यांना इस्त्री खैरनार स्वतः करायचे. पाणी शिंपडून, खांद्यावरून तळवा फिरवून, शिवणीवरून बोट नेत, सुरकुती राहिली का बघत. बावीस वर्षांची सवय अशी एका जागी कामाला येत होती आणि त्या अर्ध्या तासात ते जवळजवळ सुखी असायचे. सकाळी तिच्या तळहातावर दहीसाखर ठेवायची, ती वाकली की डोक्यावर हात ठेवायचा. दुपारी चारला ती परत यायची आणि “बरी झाली,” म्हणून चपला काढायची.

नवव्या नकारानंतर त्यांच्या मनात शंका आली. गुरुवारी त्यांनी बनियनबरोबर आणखी दोन कपडे नेले. एक ईश्वरीची रोजची ओढणी. दुसरा दहाव्या मुलाखतीसाठी घेतलेला नवा कुर्ता, जो तिने अजून अंगालाही लावला नव्हता, नुसती इस्त्री करून ठेवला होता, गळ्याशी दुकानाची चिठ्ठी तशीच होती. संशयाचा नग तपासताना शेजारी एक निर्दोष नग ठेवायचा असतो, म्हणून तो कुर्ता.

ओढणीत विफलीन निघालं. बाईंनी मान हलवली, जणू त्यांना अंदाज होता. मग त्यांनी कुर्ता यंत्राखाली पसरला आणि पडद्यावर चित्र उमटलं. पांढऱ्या कुर्त्याच्या दोन्ही खांद्यांवर दोन जांभळे पंजे होते. चार बोटं आणि अंगठा, स्वच्छ. बाहीवर, शिवणीशेजारून एका बोटाची लांब रेघ गेली होती.

खैरनारांनी आपला उजवा हात उचलून पडद्याशेजारी धरला. बोटाला बोट जुळत होतं.

“हे मलाही आत्ता कळतंय,” बाई म्हणाल्या. “हातातून जातं. इस्त्रीच्या उष्णतेने सुतात पक्कं बसतं. तिचं स्वतःचं नाही हे, उसनं आहे.”

“धुतलं तर?”

“कपड्यातलं जाईल. पण उशा, पडदे, तिच्या डब्याची पिशवी? तुम्ही रोज नवं तयार करताय.”

“हातमोजे घालून इस्त्री केली तर?”

बाईंनी यंत्र बंद केलं. “खैरनार, तुम्ही तिच्या डोक्यावरही हात ठेवत असाल ना?”

मग त्यांनी उरलेलं सांगितलं. उसनं विफलीन तीन आठवड्यांत उतरतं, देणारा माणूस दूर असेल तर. पण नकारांची संख्या अकरा-बाराच्या पुढे गेली, की तिच्या ग्रंथी स्वतःचं करायला लागतील आणि मग बाप जवळ असला काय, नसला काय, सारखंच. ईश्वरीची दहावी मुलाखत सत्तावीस तारखेला होती. त्या दिवशी दोन तारीख होती.

खैरनारांनी कुर्त्याची घडी घातली नाही. बाईंना ती घालायला सांगितली.

मुलीला खरं सांगावं, असं त्यांना वाटेत एकदा वाटलं. पण ती काय म्हणेल हे त्यांना तोंडपाठ होतं. पप्पा, तुम्हाला बाहेर काढून मला नोकरी नको, असं म्हणाली असती आणि खरंच घेतली नसती. म्हणून त्या दिवशी जेवताना त्यांनी सांगितलं, की येवल्याला एका गोदामात देखरेखीची नोकरी लागली, राहायची सोय तिथेच आहे, शनिवारी हजर व्हायचंय.

ईश्वरी ताट सोडून उठली आणि खरकट्या हाताने तोंड झाकून रडली. चार वर्षांत ती अशी रडली नव्हती. शनिवारी तिने वडिलांच्या शर्टाला इस्त्री केली, कॉलरला एक चुणी ठेवून, आणि त्यांच्या तळहातावर दहीसाखर ठेवली. “आता तुमच्या अंगातलं सगळं जाईल, पप्पा,” ती म्हणाली. तिने मिठी मारली तेव्हा त्यांचे हात अंगालगतच राहिले. बस सुटेल म्हणून ते घाईने निघाले. ती चुणी त्यांनी शर्ट धुवेपर्यंत तशीच राहू दिली.

येवल्याला त्यांच्या चुलतभावाची एक बंद खोली होती, खाली हातमागाचं दुकान. भाऊ सुरतेला होता. खैरनार तिथे राहिले आणि लगेच काम शोधायला लागले, कारण एक खरा होकार मिळाला असता तर ते परत जाऊ शकत होते. खोटं खरं करायची ती एकच वाट होती. त्या महिन्यात तीन नकार आले. रोज संध्याकाळी ईश्वरीचा फोन यायचा आणि ते तिला नसलेल्या गोदामाची हकिकत सांगायचे. पोती, वजनकाटा, चहाला बोलावणारा एक मॅनेजर. तो मॅनेजर इतका भला निघाला, की त्याच्या हाताखाली काम करावं असं त्यांनाच वाटू लागलं.

सत्तावीस तारखेला दुपारी दोनला फोन आला. ईश्वरी हसत होती आणि बोलताना अडखळत होती. “पप्पा, काहीच विशेष विचारलं नाही हो. एक जण तर उठून मला पाणी द्यायला आले. लगेच पत्र दिलं.” खैरनार जिन्यात होते, तिथेच पायरीवर बसले. त्यांना इतका आनंद झाला, की त्यात दुसरं काय मिसळलेलं आहे हे कळायला संध्याकाळ व्हावी लागली. नऊ वेळा तिच्यात काहीच खोट नव्हती. नऊ वेळा.

दोन महिन्यांनी, एका रविवारी, ती त्यांना भेटायला आली. रविवारी गोदाम बंद असतं, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. खोली दोनदा पुसून घेतली होती, स्वतः दोनदा आंघोळ केली होती. त्याने काही होत नाही, हे त्यांना माहीत होतं.

ईश्वरी जिना धावत चढली. दारात तिने हात पसरले, आत एक पाऊल टाकलं, आणि अर्धं पाऊल मागे घेतलं. दुसऱ्या कुणाला ते दिसलंही नसतं. खैरनारांना दिसलं. केसाएवढी खोट बघण्यात त्यांचा जन्म गेला होता.

“पप्पा, खिडकी उघडू का? कोंदट आहे जरा.”

“उघड की.”

ती खिडकीशीच बसली. पेढे दिले, नवा शर्ट दिला, नोकरीबद्दल सांगितलं. गेल्या आठवड्यात एका जागेच्या मुलाखती झाल्या, तिला टिपणं घ्यायला बसवलं होतं. साठीकडे झुकलेले एक गृहस्थ आले होते. काम सगळं माहीत होतं त्यांना.

“मग?”

“काय कोण जाणे. नाही जमलं. मला विचारलं, तर मीही नाही म्हटलं. काहीतरी कमी वाटत होतं.”

“कपडे नीट होते का त्यांचे?” खैरनारांनी विचारलं.

“कपडे? हो, कडक इस्त्री होती. का हो?”

“काही नाही,” ते म्हणाले आणि चहा ठेवायला उठले.

ती संध्याकाळच्या बसने जाणार होती. दोनच्या सुमाराला तिने कपाळ चोळलं. मला उगाच कसंतरी होतंय, पप्पा, उन्हातून आले म्हणून असेल, आत्ताच्या गाडीने निघू का, असं म्हणताना तिला स्वतःचंच वाईट वाटत होतं, आणि कारण सापडत नव्हतं. त्यांना नोकरी लागली आहे असं ती धरून होती, म्हणून खरं कारण तिच्या मनात येणारही नव्हतं.

“ऊनच लागलंय,” खैरनार म्हणाले. “नीघ तू. घरी जाऊन पड.”

दारात ती वाकली. तिच्या केसांचा भांग त्यांच्यासमोर आला, लहानपणापासून जरा डावीकडे जाणारा. त्यांचा हात आपोआप उचलला गेला आणि तिच्या डोक्यापासून वीतभर वर थांबला. ती वाकूनच राहिली, नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ.

खैरनारांनी हात मागे घेतला. पास झालेल्या नगाला पुन्हा हात लावायचा नसतो.