कोऱ्या कडेवरचा अंगठा

"अहो, तुमचे हात स्वच्छ आहेत का?"

फ्रेमच्या पट्ट्यांचे नमुने द्यायला तो त्या स्टुडिओत पहिल्यांदाच आला होता, आणि दारातच एका अनोळखी मुलीने हा सवाल टाकला. त्याला घाम फुटला. त्याच्या घरात काळजी हा पिढीजात धंदा होता. आत्या सिनेमाच्या मध्यंतरात उठून गॅस बंद आहे का ते बघायला घरी यायची, आणि हा तिचा भाचा भिंतीत खिळा ठोकण्याआधी मनातल्या मनात भिंतीची माफी मागायचा. त्याने दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले.

"मघाशी तरी होते."

"मग या आत. आणि मी सांगेन त्याशिवाय कशालाही हात लावू नका."

ती तांब्याच्या पत्र्यावर सुईने चित्रं कोरायची आणि ॲसिडच्या ट्रेमध्ये बुडवून त्यांच्या खाचा खोल करायची. कोरलेल्या खाचांत शाई भरायची, वर ओलसर कागद ठेवायचा आणि प्रेसचं चाक फिरवायचं, की चित्र कागदावर उतरतं. भानगड एकच. शाई भरणाऱ्याचे हात मनगटापर्यंत काळे, आणि कागदाला तर पांढरेशुभ्र हात लागतात. म्हणून हे काम जोडीने करतात. तिची स्वच्छ हातांची मैत्रीण त्या दिवशी तापाने पडली होती.

"कागद या पुठ्ठ्याच्या चिमट्यांनी उचला. बोट लागता कामा नये."

"आणि लागलं तर?"

"तर तुम्हाला ॲसिडच्या ट्रेमध्ये बुडवेन."

हे तिने इतक्या मायेने सांगितलं, की तो दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. मैत्रिणीचा ताप उतरला, ती खडखडीत बरी झाली, तरी हा येतच राहिला. पट्ट्यांचे नमुने द्यायला कुणी इतक्या खेपा घालत नाही, हे स्टुडिओतल्या मांजरालाही उमगलं होतं. तिला उमगलं होतं की नाही... ही एक नवी काळजी.

खरी काळजी भिंतीवर टाचणीने टोचलेली होती. दूरदेशीच्या एका मुद्राचित्र-प्रदर्शनाची ती सूचना. एकाच चित्राच्या हुबेहूब सारख्या प्रतींचा संच पाठवायचा. ज्याचा संच निवडला जाईल, त्याला तिथल्या स्टुडिओत सहा महिने काम करायला मिळणार. कडेच्या कोऱ्या पट्टीवर डाग दिसला की सगळा संच बाद. आणि प्रती पूर्ण झाल्या की पत्र्यावर आडवा ओरखडा मारून तो रद्द करायचा, त्याचाही फोटो जोडायचा, म्हणजे पुढे कुणी चोरून आणखी प्रती काढायला नको.

"स्वतःच्याच चित्रावर ओरखडा?" त्याने हबकून विचारलं होतं.

"शब्द दिला म्हणजे दिला," ती म्हणाली. "तुम्ही फ्रेमवाले. तुम्हाला सगळं काचेखाली जपायची सवय."

दोन वर्षं ती अशा सूचनांना अर्ज करत होती आणि नकार गोळा करत होती. या वेळी पत्रा जमला होता. पाण्याने भरलेली एक पायवाट, आणि तिच्यात पाऊल टाकू की नको म्हणून थबकलेली चप्पल. निवड झाली नाही तर ही खचेल, या विचाराने त्याची झोप उडायची. निवड झाली तर ही जाईल, या विचाराने उरलीसुरलीही उडायची. काळजीची अशी दुहेरी सोय आत्यालाही कधी लाभली नव्हती.

शेवटच्या प्रतीच्या दिवशी बाहेर भुरभुर चालू होती. ती पत्रा पुसत होती आणि तिच्या गालावर शाईचा एक टिपका होता. तो सकाळपासून त्या टिपक्याकडे बघत होता.

"असं काय बघताय?"

"काही नाही... डास."

आणि त्याने अंगठ्याने तिचा गाल पुसला. अगदी हलकेच, आणि डासासाठी लागतो त्यापेक्षा अंमळ जास्त वेळ.

"गेला?" तिने डोळे न उचलता विचारलं.

"गेला," तो म्हणाला. त्याचा जीवही त्याच वाटेने गेला होता. त्या तंद्रीत पुठ्ठ्याचे चिमटे टेबलावरच राहिले आणि कागद त्याने हातानेच उचलून ठेवला. चाक फिरलं. छापून निघालेला कागद तिने फक्त मधल्या चित्रापुरता पाहिला, "उतरलं!" म्हणून ओरडली, आणि त्याने तो टिपकागदांच्या थप्पीत सरकवला. थप्पीवर फळी, फळीवर वजन.

"तुम्ही जा आता, मी आवरते," ती म्हणाली. "पत्र्यावर ओरखडा मारेन ना, तेव्हा जवळ कुणी नको मला."

घरी आत्याने त्याच्या हातात चहाचा कप दिला आणि तिची नजर अडकली.

"कुठे अंगठा उठवून आलास रे? कुणाला जामीन राहिलास?"

त्याने अंगठा पाहिला. काळा. आणि मग त्याला कागद आठवला... कागदाची कड... फळीखाली सुकणारी ती शेवटची प्रत. चहा तसाच राहिला. त्याने फोन लावला. पण कामाच्या वेळी तिचा फोन खणात असतो, आणि खण तिला काळ्या हातांनी उघडता येत नाही. पत्र्यावर एकदा ओरखडा गेला की नवी प्रत निघणं शक्य नव्हतं. म्हणजे संच बाद, दोन वर्षं पाण्यात, आणि कारण कोण? डास.

"अरे, छत्री!" आत्या जिन्यातून ओरडली. "अंगठ्याला काही झालंय का? डॉक्टरकडे चाललायस का?"

तो स्टुडिओत पोचला तेव्हा पत्रा टेबलावर होता आणि तिच्या हातात पोलादी सुई होती. तिचे डोळे ओले होते.

"थांबा! ओरखडा मारू नका!"

"मी म्हटलं होतं ना, जवळ कुणी..."

"शेवटची प्रत बघा. कडेला. माझा अंगठा उठलाय."

तिने फळी उचलली, टिपकागद बाजूला केला. चित्र देखणं उतरलं होतं, आणि खालच्या कोऱ्या पट्टीवर, एखाद्या गहाणखतावर असावा तसा ठसठशीत काळा अंगठा. ॲसिडचा ट्रे जवळच होता, तो त्याने मनातल्या मनात मोजून पाहिला. आपण मावतो.

"तुमचे हात तर स्वच्छ होते," ती शेवटी म्हणाली. "शाई आली कुठून?"

पळ काढायला दार उघडं होतं. त्याने दाराकडे पाहिलंसुद्धा.

"तुमच्या गालावरून," तो म्हणाला. "तिथे... डास नव्हता. शाई होती. आणि शाई नसती, तरी मी डासच म्हणालो असतो."

भुरभुर थांबली होती. प्रेसच्या चाकाखालून मांजर दोघांकडे आळीपाळीने बघत होतं.

"टर्पेंटाइनच्या या वासात," ती सावकाश म्हणाली, "गेल्या कित्येक वर्षांत एक डास फिरकलेला नाही. मला तेव्हाच कळलं होतं."

"मग गप्प का राहिलात?"

"हाताला शाई होती ना. नाहीतर मीही एखादा डास शोधला असता." तिने नाक ओढलं. "बघतोस काय? भिजवलेला एक कागद उरलाय. हात धू. साबणाने, दोनदा. आणि या वेळी डास-बीस काही दिसला तरी चावू दे मला."

तो "बघतोस" त्याच्या कानात शिरला आणि तिथेच राहिला. त्याने हात इतके घासले की अंगठ्याच्या रेषाही गेल्या असाव्यात. चिमटे घेतले, श्वास रोखला, कागद ठेवला. चाक फिरलं. या प्रतीची कड दोघांनी मिळून भिंगाखाली तपासली. चारही बाजूंनी कोरी. मग तिने सुई घेतली, डोळे मिटले आणि ओरखडा मारला. या वेळी जवळ कुणी असलेलं तिला चाललं.

"निवड झाली तर?" त्याला राहवेना.

"तर सहा महिने दुरून काळजी कर. तुला काय, कुठूनही जमेल."

"आणि ती डागाळलेली प्रत? फाडायची?"

ती प्रत तिने पुढ्यात ओढली. आपला काळा अंगठा त्याच्या अंगठ्याशेजारी टेकवला, दाबून धरला आणि उचलला.

"दोन डास झाले," ती म्हणाली. "फ्रेम कर. कड झाकलीस तर बघ."