खाऱ्या विहिरीतला फेरा

त्या दिवशी शेषराव दर्यापूरच्या बाजारात वांगी विकायला गेला होता. वांगी खपली, गुडघ्यांना चोळायला करडईचं तेल घेतलं, आता घरी जाऊन पडायचं एवढंच त्याच्या मनात होतं. लढाई संपून समुद्रापारच्या त्रिंकोमालीहून परत आल्यापासून त्याला कायम पडावंसंच वाटे. तिथल्या बंदरात बुडालेल्या जहाजांवर उतरणारा तो पाणबुड्या होता. डोक्यावर पितळी टोप, टोपाला हवेची नळी, पायांत शिशाचे जोडे. माळ्याचा पोरगा समुद्राच्या तळाशी चालत असे, हे गावात कोणाला खरं वाटत नसे. सांगायचा त्यालाही कंटाळा आला होता.

तेवढ्यात ओळखीचा देवीदास धापा टाकत समोर आला.

"शेषरावभाऊ, चाला. आमचा जानराव विहिरीत गेला."

"कवा?"

"सकाळी. बादली काढाले उतरला, वरतं आलाच नाही. पोट्ट्यायनं उतरून पाह्यलं, तळच लागत नाही. दिवस बुडाच्या आंधी काढा, भाऊ. माही वयनी काठावरून हालत नाही."

पाण्याला शेषराव विटला होता. पण माणूस पाण्यात ठेवून घरी जाऊन जेवायचं म्हटलं तर घास घशाखाली उतरला नसता. तो देवीदासाच्या बैलदमणीत बसला.

विहीर पूर्णा नदीच्या अलीकडे, कपाशीच्या वावरात होती. त्या पट्ट्यातल्या सगळ्याच विहिरींसारखी खारी. उन्हं कलली होती. जानरावची बायको गोदाबाई गुडघ्यांना मिठी मारून काठावर बसली होती. रडत नव्हती.

शेषराव दगडी पायऱ्या उतरू लागला आणि थबकला. पायऱ्यांवर बेडकंच बेडकं बसली होती. माणसाचं पाऊल पडलं तरी एकही पाण्यात उडी घेत नव्हतं.

"हे कवापासून बसेल हायेत?"

"थे विहिरीत उतरले तवापासून," गोदाबाई हळूच म्हणाली.

त्याने कमरेला दोर बांधला. दुसरं टोक देवीदासाच्या हातात दिलं. "हिसका देला का ओढजा. मंग थांबजा नोको."

वरचं पाणी कोमट होतं, खालचं गार. हिरवट उजेड विरत गेला. आणि मग ती शांतता आली... शेषरावाला ती ओळखीची होती. त्रिंकोमालीला शार्क यायच्या आधी असंच होई. रंगीत मासे एकाएकी नाहीसे होत, पाणी जड वाटू लागे.

त्याचा जोडीदार अरुलप्पन तमिळ पाणबुड्या होता. तो सांगे, शार्क दिसला तर पळू नको, त्याला पाठ देऊ नको. जहाजाच्या पत्र्याला पाठ टेक, हात पसर, आणि त्याचा फेरा पुरा होऊ दे. एकदा दोघे तसेच उभे होते. माणसाच्या दुप्पट लांबीचा करडा शार्क टोपाच्या काचेसमोरून संथ गेला. त्याच्या डोळ्यात राग नव्हता, भूकसुद्धा नव्हती. फेऱ्यांवर फेरे झाले. शेवटी अरुलप्पन थकला आणि वळला. त्याची नळी तेवढी वर आली.

पहिल्या बुडीत शेषरावाच्या हाती काही लागलं नाही. वर येऊन तो बराच खोकला, पुन्हा गेला. दुसऱ्या बुडीत त्याला जानराव सापडला.

जानराव तळाशी पडलेला नव्हता. विहिरीच्या भिंतीला पाठ टेकून, दोन्ही हात पसरून, उघड्या डोळ्यांनी उभा होता. ज्याने जन्मात कधी समुद्र पाहिला नाही, त्याला असं उभं राहायला कोणी शिकवलं?

शेषराव त्याच्या शेजारी भिंतीला टेकला. विचार करून नव्हे. पाठ आपोआप गेली. समोरून काहीतरी लांब, फिकट सरकलं. पाण्याचा दाब छातीवर आला आणि गेला. बैलगाडी जेमतेम वळेल एवढीच ती विहीर. गेलेलं लगेच परत यायला हवं होतं. पण ते येईना. छाती फुटायला आली तरी येईना. जणू त्याला फिरून यायला पलीकडे मैलोगणती पाणी होतं... मग दुसऱ्या अंगाने पुन्हा तो दाब आला.

ते पुढे सरकताच त्याने कमरेचा दोर सोडून जानरावच्या काखेखालून बांधला आणि हिसका दिला. प्रेत वर निघालं. शेषराव भिंत सोडून त्याच्या पायांना धरून गेला. खाली पाहिलं नाही.

जानरावच्या अंगावर खरचटल्याची खूणसुद्धा नव्हती.

"खालतं काई हाये का, भाऊ?" देवीदासाने विचारलं.

"गाळ हाये," शेषराव म्हणाला. खरं बोलायलासुद्धा अंगात त्राण लागतं.

पुढे काही दिवसांनी, दुपारच्या वेळी गोदाबाई एकटीच त्याच्या मळ्यात आली. शेषरावाचं गाव खाऱ्या पट्ट्याबाहेर, अंजनगावच्या अंगाला होतं. एवढी वाट ती पायी आली होती.

"भाऊ, एक इचारू? विहिरीचं पानी सकाळी उतरते. पायऱ्या उघड्या पडतात. दोपारी चढते. सांजीले पुन्हा उतरते. असं होते का कुठी?"

शेषराव वांग्याच्या ओळीत तसाच खाली बसला. तो बंदरात राहिलेला माणूस. भरती-ओहोटी त्याला कोणी समजावून सांगायला नको होती.

"कवापासून?"

"तुमी त्यायले वरतं काढलं तवापासून." ती थांबली. "रोज जरा जास्त चढते. काल काठाले टेकलं... आज पुनव हाये, भाऊ."

"लेकरं घेऊन माहेरी जा, बाई. घरी जाऊन भाकरी बांधत बसू नोको. अशीच निंग."

"अन् तुमी?"

तो उठून मळ्याच्या टोकाला गेला. वांग्यांच्या पलीकडे त्याची स्वतःची विहीर होती, गोड्या पाण्याची. सकाळपासून मोट चालली नव्हती. तरी तिच्या आतल्या भिंतीवर, पाण्याच्या वर हातभर, दगड नुकतंच पाणी उतरल्यासारखा ओला होता.