फिकट तुऱ्याची पिल्लं

बेळ्ळंदूरच्या प्रयोगशाळेच्या फाटकाशी वॉचमनने एकाला अडवलं होतं. त्याच्या हातातलं खोकं चिवचिवत होतं.

"आता काय, ही मरेपर्यंत थांबू?" तो मराठीत पुटपुटला, आणि आत निघालेली संध्या थबकली.

तो पद्मनाभ, मूळ निपाणीचा, होसकोट्यात कोंबड्यांचा डॉक्टर. खोक्यातल्या पिल्लांचे तुरे पांढरेफटक होते. एक विषाणू त्यांचं रक्त आटवत होता. संध्या त्याच विषाणूच्या एका प्रथिनावर काम करायची. ते प्रथिन कॅन्सरच्या पेशी मारतं, निरोगी पेशींना सोडून देतं.

"म्हणजे आमच्या वैऱ्याशी तुमची मैत्री?"

"त्याच्या एका प्रथिनाशीच."

"मग स्वल्प आमच्याशीही करा की, मॅडम!"

पुढे दर शुक्रवारी तो नमुने घेऊन येऊ लागला.

"चार आठवडे झाले, तुमची पिल्लं ठणठणीत आहेत," एकदा ती म्हणाली. "मग आजारी आहे कोण?"

"डॉक्टर," तो म्हणाला. तिने मान खाली घातली… पण हसू लपलं नाही.

डिसेंबरात तो रिकाम्या हातांनी आला. "या वेळी खरंच डॉक्टर आजारी आहे, संध्या." स्वादुपिंडात गाठ होती, यकृतापर्यंत पसरलेली.

"तुझं ते प्रथिन… मला नाही चालणार?"

तिला उत्तर नेमकं ठाऊक होतं, हेच वाईट होतं. "काचेच्या बशीत चालतं. माणसाच्या गाठीपर्यंत पोचवायची वाट अजून सापडली नाही."

"किती वर्षं?"

एक म्हणावं, असं फार वाटलं तिला. "दहा… कदाचित जास्तच."

"खरं बोललीस. आता मीही बोलतो. मला शुक्रवार पुरत नव्हते गं."

तिने त्याचा हात धरला. थंडगार होता.

त्याने रीतसर सही करून तिच्या प्रयोगासाठी गाठीचा एक कण दिला आणि दंडावरच्या त्वचेचाही. फेब्रुवारीत तो गेला.

मार्चमध्ये तिने दोन्हींवर ते प्रथिन सोडलं. गाठीच्या पेशी तीन दिवसांत गळून पडल्या. त्वचेच्या तशाच राहिल्या, बशीच्या तळाला घट्ट धरून. निरोगी पेशी कायम वाढत नाहीत, कधीतरी थांबतात, हे तिला माहीत आहे.

तोवर दर शुक्रवारी ती त्यांना पोसणारं गुलाबी पाणी बदलते. सूक्ष्मदर्शकात पाहते, तारीख लिहिते आणि पुढे एकच शब्द… ठणठणीत.