पावणेदोन मीटर

बाबांचं अख्ख्या मोजणी खात्यात हसं झालं ते पावणेदोन मीटरमुळे. आमच्या घरामागे एक बोडका कातळी सुळका आहे. तिकडे सहसा कोणी फिरकत नाही. तीस वर्षांपूर्वी बाबांनी त्याची उंची मोजली, ती नकाशापेक्षा पावणेदोन मीटर जास्त भरली. साहेबांनी फेरमोजणी करवली, नकाशा खरा ठरला, आणि बाबांची बढती गेली ती गेलीच. आता ते अंथरुणाला खिळलेत आणि रोज एकच घोकतात, मी चुकलो नव्हतो. मीही मोजणीदारच. म्हटलं, एकदाचा सोक्षमोक्ष लावू, म्हणजे त्यांना शांतपणे डोळे तरी मिटता येतील.

रविवारी दादाला माथ्यावर खूण धरायला वर पाठवलं आणि पायथ्याशी तिवईवर दुर्बीण लावली. तो पोचायच्या आत मी माथ्याचा कोन घेतला, हिशेब केला. बाबांचाच आकडा! पुन्हा केला. तोच. मग नीट पाहिलं, तर माथ्यावर एक करडा दगडी खांब उभा. म्हणजे बाबांनी खांबासकट उंची मोजली होती. एवढ्याशा चुकीपायी माणसाचं आयुष्य वाया जावं, याचं मला रडूच आलं.

दादा माथ्यावर दिसला तसा मी फोन लावला. म्हटलं, त्या खांबाला हात लाव.

"कसला खांब? इथे माझ्याशिवाय काही नाही."

दुर्बिणीत खांब त्याच्यापासून हातभर अंतरावर होता. दादाइतकाच उंच.

"डाव्या हाताला बघ."

"बघतोय. डोळे तपासून घे, बाई."

मी चष्मा पुसला, भिंग पुसलं. खांब होताच. माझा दुर्बिणीवर विश्वास, दादावरही. दोघं एकाच वेळी खरे कसे, तेच कळेना. चिडून त्याला खाली ये म्हटलं. तो वळला, तेव्हा खांबाचा वरचा भाग हळूच त्याच्या दिशेने फिरल्यासारखा वाटला. खांबाला कुठली आलीय मान, असं स्वतःलाच बजावून मी दुर्बीण पेटीत भरली.

घरी आल्यावर बाबांना एवढंच सांगितलं की, तुमचा आकडा बरोबर होता. खांबाचं बोललेच नाही. त्यांना आनंद होईल असं वाटलं होतं. त्यांनी उलट मलाच विचारलं,

"तोंड कुणीकडे होतं?"

मी दुर्बिणीची पेटी खाली ठेवली.

"माझ्या वेळी पलीकडे होतं," बाबा म्हणाले. "नुसती पाठ दिसली. कोणाला काय सांगणार? दिसलं तेवढं मोजलं."

"दादाकडे," मी म्हणाले.

त्यांनी खिडकीकडे बोट केलं. मी तिथे दुर्बीण लावली. अजून चांगला उजेड होता. माथ्यावरची कातळाची कड स्वच्छ दिसत होती.

"बाबा, आता तिथे काही नाही."

"दार लाव."

दादा केव्हाच आत आला होता, दार सताड उघडं टाकून. बाहेरच्या खोलीत बसून बूट काढत होता.