तिठ्यावरची काटी

आधी तो डोक्यावरचा दिवा विझव, योगीराज. डोळ्यात येतोय. चहा मिळेल, पिठलं-भाकरी मिळेल, झोपायला ही ओसरी आहे. पण आधी एवढं सांगा. संध्याकाळी येताना तिठ्यावर बाभळीची काटी, काट्यांची अख्खी फांदी, आडवी टाकलेली होती. ती कोणी काढली?

नका सांगू. बसा. माझं डोकं तेव्हापासून फिरलंय. उभी नोकरी या गावच्या शाळेत काढली, पोरांना पुष्कळ छड्या मारल्या, पण आज हात शिवशिवतोय तसा कधी शिवशिवला नाही. म्हणून तुम्हाला नागेशचं सांगतो. ऐकीव नाही. तो याच ओसरीवर झोपला होता.

नागेश सेलूचा. एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, पण जीव सगळा सायकलीत. तुमच्यासारखीच जाड टायरची, वाकड्या हँडलची सायकल. डांबरी रस्त्याचं त्याला वावडं. सुट्टी मिळाली की जिंतूरच्या जंगलातून, माळावरून, गाडीवाटेनं येलदरीच्या पाण्याकाठी यायचं आणि मोबाइलवर त्या वाटेची रेघ काढून ठेवायची. त्या रेघेवरून मग परभणी-नांदेडची पोरं सायकली दामटायची. धाकटी बहीण प्रियांका त्याच्यापेक्षा वरचढ. आई गेल्यावर नागेशनंच तिला वाढवलं, सायकलही त्यानंच शिकवली. उताराला ब्रेक लावणं त्या पोरीला अपमान वाटायचा.

गेल्या वर्षीची गोष्ट. तीस नोव्हेंबर, शनिवार, कार्तिकातली अमावास्या. दुसऱ्या दिवशी अंधारातच प्रियांका पंचवीसेक जणांना घेऊन जिंतूरहून निघणार होती, आणि नाश्ता माझ्याकडं. नागेश आदल्या दिवशी एकटाच पुढं आला, जागोजाग फक्कीचे बाण काढत. फक्की म्हणजे ती चुन्याची पांढरी पूड, कबड्डीच्या मैदानाला टाकतात ती. काम सोपं. पिशवी हँडलला अडकवलेली, फाटा आला की उतरायचं, बाण काढायचा, पुढं निघायचं. थंडी पडली होती, तुरी शेंगांनी लगडल्या होत्या, गडी खुशीत शीळ घालत येत होता.

तिठ्यावर यायला दिवेलागण टळून गेली. तुम्ही तो तिठा पाहिलात. एक वाट वळून गावात येते. दुसरी सरळ खाली जाते, ती जुनी सडक. धरणाच्या आधीची. दोन्ही बाजूंना दगडी ताली, म्हणजे बांध, मधे सपाट मुरूम आणि लांबच लांब उतार. मे महिन्यात नागेश त्या सडकेनं आरपार गेला होता, जुन्या गावाच्या जोत्यांमधून फिरून इकडं आला होता. तेव्हापासून प्रियांकाला एकच सांगायचा, ‘असा उतार अख्ख्या जिल्ह्यात न्हाई.’ दिवाळीनंतर बाकीची सगळी वाट त्यानं पुन्हा तपासली. एवढी एकच तेवढी राहिली. पाहिलेलीच तर आहे, म्हणाला.

वळला तो जुन्या सडकेवर. आणि पुढचं चाक गेलं बाभळीच्या काटीवर. मागोमाग मागचं. दोन्ही ट्यूबा फुस्स.

आमच्याकडं वाटेवर आडवी काटी म्हणजे वाट बंद. आत कुणी औषध मारलंय, किंवा रस्ता खचलाय, किंवा साप निघालाय. शाळेचं तोंड न पाहिलेलं शेळ्यांमागचं पोरही ती ओलांडत नाही. पण सायकलवाल्याला काटी दिसली की एकच सुचतं, पंक्चर! कुणीतरी मुद्दाम खोडी काढली! नागेशच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सायकल टाकली, काटी धरली, ओढत ओघळीत फेकून दिली. हात रक्तानं भरले. मग त्यानं उतारावर हा एवढा बाण काढला, निम्मी फक्की त्यातच संपवली.

सायकल उचलायला वळला, तर मागं आवाज आला.

खर्र... खर्र...

बॅटरी मारली. सडकेवर काटी पुन्हा आडवी. पलीकडं एक म्हातारा. धोतर, खांद्यावर घोंगडं. हातात दुबेळकी काठी, टोकाला दोन फाटे असलेली, काटी ढकलायला असते ना, तशी. काटीनं त्याचा बाण पुसत पुसत म्हातारा ती नीट करत होता.

“ओ बाबा! काय करायलाव तुमी?” नागेश ओरडला.

म्हाताऱ्यानं मान वर केली नाही.

“तुमच्या बापाची हाय का वाट? दोन्ही चाकं गेली माझी! मजा वाटायलीय व्हय?”

“वाट बंद हाय.”

“कोणी केली बंद?”

आता म्हाताऱ्यानं मान वर केली. नुसतं बघितलं. नागेश नंतर मला म्हणाला, “गुरुजी, मी रागात होतो, पर माझा राग त्याच्यापुढं कायच न्हवता.” मग म्हातारा हळूच म्हणाला,

“लेकरं येतेत इथून...”

“लेकरं न्हाई! माझी बहीण यायलीय उद्या! लय लोक यायलेत! सरका!”

बहीण म्हटल्यावर म्हाताऱ्यानं काठी आणखी घट्ट रोवली. नागेशनं झडप घालून ती धरली. हिसका मारला... आणि काठी अशी हातात आली, जशी पलीकडून कुणी धरलीच नव्हती. तेवढ्यावर थांबायचं ना? नाही. गुडघ्यावर घेऊन मोडली. दुबेळकं ओघळीत फेकलं. काटी ओढली, तीही फेकली. पुसलेल्या जागी पुन्हा बाण. उरलेली सगळी फक्की.

“आता टाकून दाखवा!” असं म्हणून बॅटरी फिरवली.

कोणी नाही.

पळाला म्हातारा, असं त्याला वाटलं. मोडक्या काठीची मूठ तेवढी कुत्र्यांसाठी हातात ठेवली आणि सायकल ढकलत जवळच्या वाटेनं गावात आला. चाकं शाबूत असती तर तो जुन्या सडकेनंच निघाला असता, हे लक्षात ठेवा. मला म्हणाला, पंक्चर झाली. म्हाताऱ्या माणसावर हात टाकल्याची लाज वाटली असेल, त्यावर काही बोलला नाही. काठी त्या कोपऱ्यात उभी केली, जेवला आणि झोपला.

मी तांबडं फुटायच्या आधी उठतो. त्याला चहा द्यायला आलो आणि कोपऱ्याकडं नजर गेली. कपबशी हातातून पडली.

“ही कुठून आणलीस?”

त्यानं सांगितलं. मुठीला हिरव्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली होती. ती चिंधी मी ओळखणार नाही तर कोण? ती काठी श्रावणात मी माझ्या हातानं सरणावर ठेवली होती. सटवाजीच्या उशाशी.

सटवाजी आमच्याच गावचा म्हातारा, रुख्मिणी त्याची लेक. काही वर्षांमागं ती दिवाळीला माहेरी यायला निघाली, दोन लेकरं घेऊन, भाड्याच्या जीपमध्ये. ड्रायव्हर परका. तिठ्यावर आल्यावर त्यानं मोबाइलमध्ये बघितलं आणि सरळ सडकेला लागला. सडक सरळच जाते हो. वळणापर्यंत मुरूम, वळणापलीकडं पाणी. उन्हाळ्यात धरण आटतं तेव्हा रस्ता उघडा पडतो, परतीच्या पावसानंतर बुडतो. मोबाइलला काय ऋतू कळतात?

चौघंही गेली. त्यानंतर सटवाजीनं किती खेटे घातले जिंतूरच्या कचेरीत! एक पाटी लावा. दोन दगड तरी आडवे टाका. लावतो म्हणाले, टाकतो म्हणाले, चहा घ्या म्हणाले. माणूस हसणं विसरला. शेवटी पाणी चढलं की रोज संध्याकाळी स्वतः काटी टाकायला लागला. आणि रोज कुणीतरी मोटारसायकलवाला ती काढून फेकायचा. सटवाजी शिव्या द्यायचा, पुन्हा टाकायचा. लोक म्हणायचे, म्हातारं सटकलं. सटकलेलं कोण होतं, तुम्हीच सांगा!

मी नागेशला एवढंच म्हणालो, “ती सडक पाण्यात जाते रे.”

“म्या मे महिन्यात...”

“मे महिन्यात!”

पोराचा चेहरा पांढरा पडला. प्रियांकाला फोन लावला. लागेना. जंगलात शिरली की रेंज कुठली? ती कधीच निघाली होती. सगळ्यांच्या पुढं ती असणार. बाण दिसला की वळणार. उतार लागला की ब्रेक नाही.

मी माझी लुना काढली. तिला दिवा नाही. मागं नागेश, हातात बॅटरी. धुकं इतकं की पुढचं चाक दिसेना. तो मागून सारखा एकच म्हणत होता, “बाण म्याच काढला गुरुजी... दोनदा काढला...”

तिठा जवळ आला.

आवाज नाही.

माणसाचा नाही. सायकलीचा नाही.

नागेशनं उडी मारली. पडला. उठला. पळाला. “प्रियांका...!”

पुन्हा हाक मारली.

आणि मग धुक्यातून, चांगली चिडलेली,

“दादा! ह्या काट्या कोणी टाकल्या रे इथं?”

सगळे तिथंच उभे होते. सायकली आडव्या पडलेल्या. जुन्या सडकेच्या तोंडाशी, या तालीपासून त्या तालीपर्यंत, माणसाच्या छातीएवढा काट्यांचा ढीग. प्रियांकाचे हात रक्तबंबाळ. म्हणाली, “तू ह्याच उताराचं सांगितलं व्हतं ना? म्हणून आमी काढायलो. सगळ्यांनी मिळून ओढल्या. एक हालंना!” बाणाचा पत्ता नव्हता. जमीन झाडल्यासारखी साफ.

नागेश ओघळीकडं गेला. बॅटरी मारली. त्यानं फेकलेल्या दोन्ही काट्या तिथंच होत्या, जिथल्या तिथं. मग या कुठल्या?

तालीवरून मी पोरांना पलीकडं नेलं. नुसता उतार. मग वळण. वळणापलीकडं धुकं, आणि धुक्याखाली पाणी, मुरमाच्याच रंगाचं. सायकल आत गेल्यावरच कळलं असतं. प्रियांकानं भावाचा हात धरला. नागेश तिथंच खाली बसला आणि लहान लेकरासारखा रडला, स्वतःच्या तोंडात मारून घेत.

उजाडल्यावर काट्या नीट बघितल्या. सगळ्या ओल्या. हिरव्या, ताज्या तोडलेल्या, टोकाला पिवळी फुलं. आणि फांद्याफांद्यांत धरणातलं शेवाळ. तिठ्याच्या आसपास बाभूळ नाही, तुम्ही बघितलंच आहे. बाभळी होत्या त्या जुन्या गावात. ते गाव माझ्या लहानपणी पाण्याखाली गेलं.

पाटी अजून लागलेली नाही. नागेश चार वेळा जाऊन भांडून आला, त्यालाही चहाच पाजला. म्हणून यंदा पाणी चढल्यापासून तोच सेलूहून येतो, दर शनिवारी. स्वतःच्या हातानं काटी टाकतो. परवाच टाकून गेला. ती काटी आज तुमच्यातल्या कुणीतरी टायर जपायला उचलून फेकली! उद्या अंधारातच निघणार ना तुम्ही? कुठल्या वाटेनं? ...बरोबर. त्याच मे महिन्याच्या रेघेनं. नागेशनं पुसली, तरी पोरांच्या मोबाइलात ती अजून फिरतेय.

आत्ताच्या आत्ता चला. माझ्यासोबत, सगळे. काटी होती तशी टाकायची आणि मगच जेवायचं. वर बघून काय हसतोस रे? खोटं वाटतंय? सटवाजीची मूठ नागेशनं परत नेली नाही. तेव्हापासून ती तिथंच उभी आहे, त्या कोपऱ्यात, कणगीच्या मागं. कुणी हात लावत नाही. योगीराज, जा, तुझा दिवा लाव. घेऊन ये. हिरवी चिंधी आहे मुठीला.

...सापडली?

नीट बघ. कणगीच्या मागं.

...नाही?

मग खाली वाकून काय बघायलास? काय आहे तिथं?

...योगीराज?

हात लावू नकोस. नुसतं सांग.

...फांदी?

...फुलं आहेत तिला?